नववा टेक

"वैनी, तिथं कोपऱ्यात नको, इकडं मधे बसा. मधे बसल्याशिवाय भूत दोन्ही कानांत सारखं शिरत नाही," तौफिक म्हणाला.

"शिरायला जागा तर पाहिजे," शार्दूल मशीनवर वाकलेला, तिथूनच म्हणाला. "हिच्या डोक्यात बाटल्या उकळायचं टाइमटेबल भरलंय."

सगळे हसले. मीही हसले. रेवाला मांडीवर घेऊन मी सतरंजीच्या मधोमध सरकले आणि आधी प्लगाच्या भोकांना चिकटपट्टी लावलेली आहे ना ते बघून घेतलं. ती तेव्हा अकरा महिन्यांची होती. रांगत सुटायची, जे दिसेल त्याला धरून उभी राहायची.

मिरजेतला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्याची मागची खोली शार्दूलची. रविवारी दुपारी चारची वेळ, खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केलेला. पोटासाठी तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, आणि उरलेला सगळा जीव 'अवस'मध्ये. 'अवस' म्हणजे तो आणि ड्रमवर तौफिक, सतारी बनवणाऱ्यांच्या घरातला, ज्याला सतारीला हात लावायचा नव्हता. सत्तर सालातला रॉक असतो तसा यांचा रॉक, पण गाणी सगळी हडळीची, करणीची, चकव्याची. फोटोत दोघं घोंगड्या पांघरून उभे, तोंडावर कागदाच्या लगद्याचे घुबडाचे मुखवटे. माझ्या सासूबाई, माई, शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. तो फोटो पाहून त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या बाबांनी गावोगाव फिरून लोकांच्या डोक्यातली भुतं काढली. आणि तू विकायला बसलास."

"माई, नाटक आहे ते सगळं. आवाज बघ, भूत नको बघू."

सगळं त्या काळासारखंच पाहिजे हा त्याचा हट्ट होता. बेळगावहून आणलेला जुना ऑर्गन, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि रेकॉर्डिंग चार ट्रॅकच्या स्पूल मशीनवर. संगणकाला हात लावायचा नाही. दर वेळी वाजवायच्या आधी माइकमध्ये आकडा बोलायचा, "टेक तीन", आणि मग डब्यातल्या कागदावर त्या आकड्यासमोर शेरा लिहायचा. कागद भरल्याशिवाय स्पूल डब्यात जायचं नाही. मला दिवस गेलेले असताना बटणं मीच दाबायचे, कारण या दोघांचे हात अडकलेले. शेरेही मीच लिहायचे. '४: तौफिक घाई करतो. ६: बरा, पण शेवटी कुकरची शिट्टी.'

रेवा झाल्यावर ते थांबलं. पण शार्दूलनं एक केलं होतं. आमच्या झोपायच्या खोलीतल्या पाळण्याच्या दांडीला एक माइक बांधला आणि त्याची काळी वायर भिंतीच्या कडेनं, पट्ट्या लावत, या खोलीपर्यंत आणली. "मी इथं काम करताना कानाला हेडफोन असतात. ती रडली की मला आधी कळेल. तू झोप." त्या वायरीबद्दल मी आईला फोनवर सांगितलं, कॉलेजमधल्या दोन मैत्रिणींना सांगितलं. नवरा असावा तर असा, असं त्या म्हणाल्या, आणि मी नाही म्हणाले नाही.

त्या रविवारी मुंबईहून सबनीस आले होते. गोल चष्मा, खादीचा कुडता. हे गृहस्थ जुन्या पद्धतीच्या तबकड्या काढायचे, तीनशे-तीनशे प्रतींच्या. 'अवस'ची सहा गाणी त्यांना पसंत होती. सातवं ऐकायला ते स्वतः आले होते. शार्दूलनं ते कुणालाच ऐकवलं नव्हतं, मलाही नाही.

"नाव काय गाण्याचं?" सबनीसांनी विचारलं.

"तिन्हीसांज."

माई दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. शार्दूलनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर मशीनकडे नेली. मला वाटलं, घाबरलाय. मला त्याची माया आली.

ऑर्गनचा एकच खर्जातला सूर, लांबलचक. त्याखाली तौफिकचा ड्रम, कुणीतरी जिना चढून येतंय तसा. मग गिटारची खरखर, ती शार्दूलनंच वाजवलेली. मला आवडलं ते. खरं सांगते, अंगावर काटा आला. आणि मग तीनही वाद्यं एकदम थांबली आणि एक बाई बोलायला लागली. आवाज किंचित संथ केलेला, विहिरीत बसून बोलावं तसा घुमणारा.

"आल्यागेल्याची… वाटेवरच्याची… दारच्याची… घरच्याची…"

"वा," सबनीस हळूच म्हणाले.

मी विचार करत होते, कोण असेल ही? थकलेली वाटते. बरं नसावं हिला.

तेवढ्यात रेवा माझ्या मांडीवरून उतरली. सरळ डाव्या स्पीकरकडे रांगत गेली, दोन्ही हातांनी तो धरून उभी राहिली, आणि त्याच्या जाळीवर थाप मारून म्हणाली, "आई."

तोपर्यंत ती काही बोलली नव्हती. बाब्बा, दद्दा, नुसते आवाज. हा शब्द पहिला.

"अरे! बोलली की पोरगी!" तौफिक ओरडला. माईही उठल्या. "काय म्हणालीस ग बाळा? परत म्हण!"

रेवानं परत थाप मारली. "आई." तिनं कान जाळीला लावला. मी तिच्या मागे, दोन हातांवर बसलेली होते. तिनं वळून पाहिलं नाही.

"…आणि आईची," स्पीकरमधली बाई म्हणाली. "सगळ्यांत जास्त आईची. आज परत गॅलरीत उभी होते. परत हात सैल पडल्यासारखे झाले. हिच्यावरनं माझी नजर उतरू दे. माझी उतरू दे."

मग ऑर्गन फुटला, ड्रम कोसळले, गिटार वरच्या पट्टीत किंचाळायला लागली. पण खोलीत कुणी ते ऐकत नव्हतं. माई माझ्याकडे बघत होत्या.

रेवा तीन महिन्यांची असताना हे झालं होतं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ती रडायला लागायची आणि दोन-दोन तास थांबायची नाही. माई तेव्हा सोसायटीतल्या बायकांबरोबर फिरायला जायच्या, शार्दूल तालमीला. मी एकटी. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय, ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. तिचे श्वास मोजायचे मी, मिनिटाला किती ते वहीत लिहायचे. आणि तिला घेऊन गॅलरीत उभं राहिलं की खालची फरशी दिसायची, आणि मनात यायचं की हात सुटले तर. सोडावे असं नाही. सुटले तर. ते एकदा आलं की जायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कशा आहात, तर मी म्हणाले, मस्त.

आमच्या घरात दृष्ट काढणं हा प्रकार नाही. बारशाला माझ्या आईनं रेवाच्या गालाला काजळाची तीट लावली होती, ती माईंनी ओल्या रुमालानं पुसली. "आमच्याकडे असलं नसतं हां, केतकी." त्यामुळे मी चोरून काढायचे. मिरच्या जाळल्या तर वास राहील, म्हणून नुसतं मीठ आणि मोहऱ्या, मुठीत घेऊन तीनदा ओवाळायच्या आणि बेसिनमध्ये सोडून वर पाणी सोडायचं. सगळ्यांची नावं घ्यायची असतात, ज्यांची-ज्यांची लागली असेल त्यांची. मी शेवटी माझं नाव घ्यायचे. काही दिवसांनी रेवाचं रडणं कमी झालं, मग माझंही ते विचार येणं विरत गेलं. कुणाला कळलं नाही असं मला वाटत होतं. माइकची वायर पाळण्याला होतीच. पण त्या टोकाला त्या वेळी कुणी नसायचं.

स्पूल संपून फिरत्या फिरकीवर टेपचं टोक फटफट आपटत राहिलं. शार्दूलनं मशीन बंद केलं.

"कोण आहे ही कलाकार? नाटकातली?" सबनीसांनी विचारलं. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

तौफिकनं त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "मला तर ऑर्केस्ट्रातली कोणतरी बाई म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. मग ड्रमच्या काड्या पिशवीत भरायला लागला.

माई पुढे आल्या. मी रेवाला उचललं होतं. त्यांनी हात पुढे केले. "दे तिला माझ्याकडे."

"असू दे माई, माझ्याकडे—"

"दे म्हटलं ना."

मी दिली.

सबनीसांना सोडायला शार्दूल जिन्यापर्यंत गेला. दार उघडं होतं. जिन्यात आवाज घुमतो. "घरचा मामला तुम्ही बघा," सबनीस म्हणत होते, "पण तो आवाज काढू नका. तोच तर गाणं आहे." शार्दूल काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

स्वयंपाकघरात मी पोह्यांच्या बशा घासत होते. तो येऊन फ्रीजला टेकून उभा राहिला.

"चुकून झालं," तो म्हणाला. "ऐक ना. मशीन चालू राहिलं होतं. मी तालमीहून आलो, बघतो तर स्पूल संपलेलं. लावून बघितलं तर तुझा आवाज. एकदाच, केतकी. आईशप्पथ."

"एकदाच?"

"एकदाच. आणि शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं ग. नुसता पोत ऐकला मी."

"कशाचा पोत?"

"आवाजाचा. असा आवाज मागून मिळत नाही. मला वाटलं तू तिला काहीतरी गाणं-बिणं म्हणतेयस. तुमच्याकडचं जुनं."

"गॅलरी आहे त्या गाण्यात?"

"मी काय म्हणालो? शब्दांकडे लक्ष नव्हतं."

मी बशी विसळली. एकदा, चुकून, शब्द न ऐकता. मी ते धरून ठेवलं. धरण्यासारखं तेवढंच होतं.

"काढून टाक," मी म्हणाले.

"टाकतो. उद्या जयसिंगपूरचं लग्न आहे, आलो की चौथा ट्रॅक, तुझ्या आवाजाचा, पुसतो. तुझ्यासमोर. बास?"

"बास."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो राहू दिला.

सोमवारी सकाळी, लग्नाला जायच्या आधी, त्यानं गॅलरीच्या दाराला नवी कडी बसवली. कुलपाची. ड्रिलचा आवाज ऐकून मी बाहेर आले तर माई रेवाला कडेवर घेऊन शेजारी उभ्या होत्या, स्क्रू एकेक करून त्याच्या हातात देत. कुलूप लागलं, किल्ली माईंनी चष्म्याच्या केसमध्ये ठेवली.

"पोरगी रांगते आता," शार्दूल माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हणून."

कडी माझ्या खांद्याच्या उंचीला होती.

त्या दिवशी दिवसभर मी रेवाला फक्त पाजायला हातात घेतलं. तेव्हाही माई खोलीत बसून होत्या, वर्तमानपत्र उघडं धरून, पान न उलटता. दुपारी रेवाला झोपवून त्या तिच्याशेजारी आडव्या झाल्या. मी मागच्या खोलीत गेले. तो येईपर्यंत थांबायचं नव्हतं मला. चौथा ट्रॅक पुसायला मला येत होतं. इतर तिघांवरची बटणं वर ठेवायची, चौथ्याचं खाली, माइक लावायचा नाही आणि रेकॉर्ड दाबायचं. त्यानंच शिकवलं होतं.

'तिन्हीसांज' लिहिलेला डबा काढला. आत दोन स्पूल होती. एक गाण्याचं. दुसरं छोटं, त्यावर नुसतं 'के.' आणि त्यांच्यावर घडी घातलेला कागद.

कागद भरल्याशिवाय स्पूल डब्यात जायचं नाही.

तो कागद अजून माझ्याकडे आहे, रेवाच्या लसीकरणाच्या फायलीत. ती आता बारा वर्षांची आहे, त्या फायलीची गरज कधीच संपली. त्याचं अक्षर सुरेख. निळ्या शाईत:

१: चुकून. पण सोनं. मशीन रोज लावून ठेवणे.
२: फार लांबून. माइक दांडीवरून खाली घेणे.
३: पंख्याचा आवाज. पंखा बिघडलाय सांगणे.
४: बरा.
५: माई लवकर आल्या. वाया.
६: के. रडते, शब्द कळत नाहीत.
७: मुलगी रडते. छान.
८: नुसती नावं. घाईत.
९: हाच. 'गॅलरी' स्वच्छ. आवाज फुटतो तो खरा.
१०: नवव्यासारखा नाही.
११: के. आता बरी वाटते. थांबवले.

मी मशीनशेजारच्या स्टुलावर बसले. पंखा मला आठवत होता. मार्चचे दिवस होते, आणि तो म्हणाला होता, मोटर जळेल, लावू नको, मी माणूस बोलावतो. आठ दिवस मी आणि रेवा घामानं निथळत होतो. तिला घामोळं आलं म्हणून मी आणखी घाबरले होते.

मग छोटं स्पूल लावलं आणि हेडफोन चढवला. ते करायची गरज नव्हती. पहिल्या टेकला आकडा नव्हता. दुसऱ्यापासून होता. दर वेळी आधी त्याचा आवाज, माइकच्या अगदी जवळ, कुजबुजत, म्हणजे आमच्या खोलीत, पाळण्याशी वाकून, तालमीला निघायच्या आधी, मी न्हाणीघरात रेवाचे लंगोट पिळत असताना: "टेक सात." "टेक आठ." नवव्याच्या आधी रेवा काहीतरी गुरगुरली आणि तो तिला म्हणाला, "श्श. आईला नीट बोलू दे हं आज."

मी ते पूर्ण ऐकलं. माझं मीच. मग स्पूल सुरुवातीला आणलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पुसलं. गाण्याच्या स्पूलवरचा फक्त चौथा ट्रॅक पुसला. ऑर्गन, गिटार, ड्रम यांना हात लावला नाही. तौफिकचा त्यात काही दोष नव्हता. पुसताना आवाज येत नाही, फक्त काटा शून्यावर पडून राहतो.

बॅग भरायला वीस मिनिटं लागली. कराडला आईला फोन केला, म्हटलं, येते. ती काही विचारणार होती, मी ठेवून दिला.

माई जाग्या झाल्या होत्या. बॅग बघून रेवाच्या अंगावर हात ठेवून बसल्या. "हिला घेऊन कुठं?"

मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी केसमधून चष्मा काढला. पेपर तपासायची सवय होती त्यांना, बोट ओळीखाली ठेवून वाचत गेल्या. पाचवीशी थांबल्या, 'माई लवकर आल्या. वाया.' मग पुढे. नवव्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं. अकराव्यावर त्यांनी चष्मा काढला.

"त्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही.

"तुम्हाला सांगितलं असतं तर?"

"मला?" त्यांनी कागदाची घडी घातली. "मी तुला डॉक्टरकडे नेलं असतं. आधी ओरडले असते, मग नेलं असतं."

त्यांनी केसमधली किल्ली काढून टेबलावर, माझ्या बाजूला, ठेवली. मग आत जाऊन रेवाचं टोपडं आणि दुधाची उकळलेली बाटली घेऊन आल्या. बाटलीचं झाकण मी उघडून बघते हे त्यांना माहीत होतं, म्हणून आधी त्यांनीच उघडून दाखवलं.

बॅग दारात ठेवून, रेवाला कडेवर घेऊन मी रिक्षाची वाट बघत उभी होते, तेव्हा शार्दूल आला. लग्नाचा चकचकीत कोट अंगावर, कपाळाला कुणीतरी लावलेलं कुंकू. रेवानं त्याच्याकडे हात केले. त्यानं तिच्या गालाला बोट लावलं आणि सरळ मागच्या खोलीत गेला. सबनीसांचा फोन आला असावा, किंवा त्याला नुसतंच काहीतरी वाटलं असावं. मशीनचं बटण खटकन दाबल्याचं ऐकू आलं. ऑर्गन, ड्रम, गिटार. मग सगळी वाद्यं थांबली आणि काहीच आलं नाही. तेवढं काहीच न येणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग छोटं स्पूल लावलं. तेही ऐकलं.

मला वाटलं, आता बाहेर येऊन तो काहीतरी म्हणेल. काय म्हणाला तर मी बॅग आत घेईन, हेही मी ठरवून ठेवलं होतं. फार मोठं काही नव्हतं ते. 'तेव्हाच यायला पाहिजे होतं मी खोलीत', एवढंच.

तो बाहेर आला. ओठ पांढरे पडले होते.

"केतकी," तो म्हणाला, "नववा कुठाय?"

बॅग दारातच होती, वर रेवाचं दुपटं दिसत होतं. ती पायानं बाजूला सारूनच तो आत आला होता.